‘स्वतःचे मालक’ आणि त्यांचे मालक

हिंजवडीच्या संगणक कंपनीतील दहा-बारा वर्षांची नोकरी सोडून एखादी स्त्री जेव्हा घरी बसून सौंदर्यप्रसाधने, प्रथिनांची भुकटी आणि भांडी घासण्याचे द्रव विकू लागते, तेव्हा तिचे नातलग चुकचुकतात, जुने सहकारी मागून हसतात आणि तिला या धंद्यात आणणारी मैत्रीण सभागृहातील व्यासपीठावरून तिचे अभिनंदन करते. साहेबाची ताबेदारी तिने झुगारली, आता ती स्वतःची मालक झाली, असे तिला सांगितले जाते. टाळ्या पडतात. तिलाही ते खरे वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे पहिले काम येते ते शंभर नावांची यादी करण्याचे. बहिणी, नणंदा, शेजारणी, शाळेतल्या मैत्रिणी, मुलांच्या वर्गमित्रांच्या आया, पूर्वीच्या कचेरीतील सहकारी. आयुष्यभर जोडलेली माणसे त्या दिवसापासून तिचे भांडवल होतात.

या स्त्रीला हसण्याचे कारण नाही. ती शिकलेली आहे, हिशेब जाणणारी आहे आणि ज्या कारणांसाठी तिने नोकरी सोडली ती कारणे खरी आहेत. हडपसर किंवा कात्रजहून हिंजवडीला जाऊन परत येण्यात तिचे दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर जातात. रात्री अमेरिकेतील कचेऱ्या उघडल्या की घरच्या टेबलावर तिची दुसरी पाळी सुरू होते. या दोन पाळ्यांच्या फटीत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंचे औषधपाणी. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कारखाना कायद्याने १९४८ सालीच घातली. परंतु काचेच्या इमारतीतील पांढरपेशा श्रमिकाला ती मर्यादा आपल्यासाठीही असू शकते असे कधी वाटले नाही, आणि वाटावे अशी व्यवस्थाही कुणी केली नाही. उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. कर्मचाऱ्यांना रविवारी राबविता येत नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखविली. ज्यांच्या घरी स्वयंपाकाला, मुलांना आणि मोटारीला वेगवेगळी माणसे आहेत, त्यांनी हा लिलाव खुशाल पुकारावा.

मातृत्वाच्या रजेची कथा अधिक बोलकी आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद घेतली गेली. कायदा चांगला आहे. परंतु कर्मचारी विमा योजनेच्या कक्षेबाहेरील अशा स्त्रियांच्या रजेच्या वेतनाचा सारा भार मालकावर टाकून सरकार मोकळे झाले, आणि मालकाने नवविवाहित मुलीला नोकरीत घेतानाच चार वेळा विचार करण्याचा सोपा मार्ग शोधला. घरापासून वीस किलोमीटरवरील कचेरीच्या पाळणाघरात तान्हे मूल गर्दीतून नेणार कोण आणि आणणार कोण, हा प्रश्न तर कायदा करणाऱ्यांच्या मनातही आला नसावा. वस्तीवस्तीत पाळणाघर हवे होते, ते कचेरीत दिले. तेही अनेक ठिकाणी तपासणी अधिकाऱ्याला दाखविण्यापुरते.

तेव्हा या स्त्रीचा राजीनामा हा एकटीने केलेला संप आहे. मागण्या सगळ्या रास्त आहेत, फक्त संघटना नाही, मागणीपत्र नाही, वाटाघाटी नाहीत. संघटनेवाचून केलेल्या संपाचे फळ नेहमी दुसराच कुणी घेऊन जातो. येथे ते ‘थेट विक्री’ करणारी कंपनी घेऊन जाते.

ती काय देते आणि काय घेते? २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम जारी केले. त्यांत थेट विक्रेत्याची जी व्याख्या आहे तिच्यानुसार कंपनी आणि विक्रेती यांचा संबंध दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे. एक धनी दुसऱ्या धन्याशी करार करतो, तसा. एकीकडे अनेक देशांत कारखाने, गोदामे, वकील आणि जाहिरातपेढ्या बाळगणारी कंपनी आणि दुसरीकडे सिंहगड रस्त्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेतील बाई, हे दोघे कायद्याच्या दृष्टीने समान धनी! या एका शब्दाच्या जादूने भविष्यनिर्वाह निधी गेला, उपदान गेले, आजारपणाची रजा गेली, मातृत्वाची रजा गेली, किमान वेतन तर गेलेच. ज्या २६ आठवड्यांच्या रजेसाठी ती कालपर्यंत मालकाशी भांडू शकत होती, ती मागावी तरी आता कुणाकडे? स्वतःकडे. ती स्वतःची मालक आहे ना.

‘घरबसल्या व्यवसाय’ या शब्दाचा अर्थही नीट पाहण्यासारखा आहे. दुकानाचे भाडे कंपनीला पडत नाही, कारण दुकान म्हणजे बाईची बैठकीची खोली. विजेचे बिल, दूरध्वनीचा खर्च, स्कूटरचे पेट्रोल, आलेल्या मंडळींचा चहा-पोहे, हे सारे घरखर्चात मिसळून जाते आणि कुठल्याच हिशेबात दिसत नाही. नमुन्याचा संच, म्हणजे ‘किट’, तिने घ्यायचा. महिन्याचे ‘पॉइंट’ पुरे झाले नाहीत तर वरची पायरी हातची जाते, म्हणून महिनाअखेरीस उरलेला माल तिनेच विकत घ्यायचा. कपाटात साठलेल्या डब्यांना बाजारात विक्री म्हणतात की खरेदी, हे कुणीही व्यापारी सांगेल. या धंद्यात मात्र तिला उलाढाल म्हणतात. अनेक शहरांतून ‘सेमिनार’ भरतात, त्यांचे तिकीट आणि प्रवासखर्चही स्वतःचाच. तेथे सिल्व्हर, प्लॅटिनम, डायमंड अशा पदव्या मिळालेली जोडपी आपल्या मोटारीच्या गोष्टी सांगतात. ती मोटार साबण विकून आली की खालच्या साखळीतील माणसांच्या खरेदीतून आली, हे विचारणारा ‘नकारात्मक वृत्तीचा’ ठरतो. अशा माणसांपासून दूर राहावे, मग तो नवरा असो की सख्खा भाऊ, असा उपदेश तेथे केला जातो.

घरी काम देऊन कामगाराला कामगार न मानण्याची युक्ती जुनी आहे. सोलापूरच्या आणि सिन्नरच्या विडी कारखानदारांना ती ठाऊक होती. तेंदूची पाने व तंबाखू घरी न्यायची, विड्या वळून आणायच्या, आणि अपघात, आजार, म्हातारपण यांशी कारखानदाराचा संबंध नाही. परंतु विडी कामगार लढले, आणि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगार आहे असे मान्य केले. औषधे घेऊन डॉक्टरांच्या दारी फिरणारे वैद्यकीय प्रतिनिधीही ‘कामगार नव्हेत’ असेच एके काळी ऐकत होते. संघटना बांधून त्यांनी १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा मिळविला. निरक्षर विडी कामगारणीने अठरापगड दारिद्र्यात जे हक्क मिळविले, ते अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तिच्या नातीला आज नाहीत. आणि ते नसण्यालाच स्वातंत्र्य म्हणावे असे तिला शिकविले जात आहे.

आता कमाईचे पाहू. या धंद्याच्या समर्थकांशी वाद घालताना त्यांचेच आकडे घ्यावेत, म्हणजे कटकट उरत नाही. थेट विक्री कंपन्यांच्या संघटनेने २०२२-२३ सालासाठी जाहीर केलेली देशातील एकूण उलाढाल २१,२८२ कोटी रुपये होती आणि सक्रिय विक्रेत्यांची संख्या ८६ लाख. वृत्तपत्रांनी हे आकडे केवढ्या कौतुकाने छापले! कुणीही एकाला दुसऱ्याने भागले नाही. भागाकार केला तर दर विक्रेत्यामागे वर्षाची उलाढाल सुमारे २४,७५० रुपये येते. महिन्याला २,०६० रुपये. ही कमाई नव्हे, विक्रीची सगळी रक्कम आहे. कारखान्याचा खर्च, कंपनीचा नफा, जाहिरात, वाहतूक, कर, सारे त्यातच. कंपन्यांनी धर्मादाय वृत्तीने उत्पादन फुकट केले आणि प्रत्येक पैसा विक्रेत्यांना वाटून टाकला, तरी सरासरीने दरमहा दोन हजारांच्या वर कुणाच्या हाती काही पडू शकत नाही. हे गणित चौथीच्या मुलाला येते.

प्रत्यक्षात विक्रेत्यांना किती जाते? सक्तवसुली संचालनालयाने एप्रिल २०२२ मध्ये अॅम्वे इंडियाची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता टाचेत घेतली, तेव्हा २००२-०३ ते २०२१-२२ या काळात कंपनीने धंद्यातून २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि त्यांतून वितरकांना व सदस्यांना ७,५८८ कोटी रुपये दलाली दिली, असे सांगितले. हा धंदा म्हणजे साखळीच्या आवरणाखालील फसवणूक आहे, हा संचालनालयाचा आरोप आहे. प्रकरण जुन्या तपासातील असून आपण सहकार्य करीत आलो आहोत असे कंपनीचे म्हणणे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण दलालीचे प्रमाण या आकड्यांवरून शेकडा साडेसत्तावीस येते. तेच प्रमाण साऱ्या उद्योगाला लावले तर विक्रेत्याची सरासरी दलाली वर्षाला ६,८०० रुपये होते, महिन्याला ५७० च्या आसपास. त्याच २०२२-२३ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २५६ रुपये होती. म्हणजे संगणक कंपनीचा राजीनामा देऊन आलेली ‘उद्योजिका’ सरासरीने महिनाभरात जे मिळवते, ते पाझर तलावावर माती वाहणारी मजूर स्त्री सव्वादोन दिवसांत मिळवीत होती. त्या मजुरीतून पेट्रोल वजा होत नव्हते आणि माती विकत घ्यावी लागत नव्हती.

सरासरी तरी दयाळू असते. साखळीच्या धंद्यात वरच्या पायऱ्यांवरचे थोडके बहुतांश रक्कम घेतात, तेव्हा खालच्या पायरीवरील लाखोंच्या वाट्याला या ५७० रुपयांतलेही किती येत असतील, याची कल्पना करावी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली अशा ७० कंपन्यांची त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नपत्रके तपासली. बहुसंख्य सहभागींना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरांहून कमी, मिळाले होते. निदान १७ कंपन्यांत तर बहुसंख्यांना काहीच मिळाले नव्हते. शिवाय बहुतेक पत्रकांत खर्च वजा केलेलाच नव्हता.

यावर एक ठरलेले उत्तर येते. ८६ लाखांतील पुष्कळसे लोक केवळ स्वतःच्या वापरासाठी सवलतीत माल मिळावा म्हणून सभासद होतात, त्यांना कमाई करायचीच नसते. ठीक आहे. मग ते गिऱ्हाईक आहेत. गिऱ्हाइकांना ‘उद्योजक’ म्हणून मोजायचे, त्या संख्येच्या बळावर मंत्र्यांच्या भेटी घ्यायच्या, रोजगारनिर्मितीचे श्रेय मागायचे, आणि कमाईचा प्रश्न निघाला की तेच उद्योजक पुन्हा गिऱ्हाईक होतात! सरकारलाही ही सोय आवडते. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारेही त्यातच मोजले जातात. ज्याला नोकरी नाही त्याला स्वयंरोजगारी म्हटले की बेकारी तेवढी कमी होते.

या पद्धतीचे मूळ घराणे अमेरिकेतले. टपरवेअर कंपनीने १९५१ साली आपले प्लॅस्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि केवळ घरगुती मेजवान्यांतून विकायला आरंभ केला. ही कल्पना यशस्वी करून दाखविणारी ब्राउनी वाइज ही घटस्फोटित, एका मुलाची आई. युद्धकाळात कारखान्यांत शिरलेल्या आणि युद्ध संपताच घरी पाठविल्या गेलेल्या अमेरिकन स्त्रियांची कोंडी तिने ओळखली होती. १९५४ साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री. जानेवारी १९५८ मध्ये मालक टपर याने तिला काढून टाकले. कंपनीचा एकही समभाग तिच्या नावे नव्हता आणि अखेर एका वर्षाच्या पगारावर तिची बोळवण झाली. त्याच वर्षी टपरने कंपनी विकून आपले पैसे केले. हजारो स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याची दीक्षा देणारी स्त्रीही मालक नव्हतीच. त्या कंपनीने २०२४ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला, हा पुढचा भाग.

१९५९ साली मिशिगन राज्यातील एडा या गावी डेव्होस आणि व्हॅन अँडल या दोघा मित्रांनी अॅम्वे काढली. ही कंपनी बेकायदा ‘पिरॅमिड’ आहे काय, याचा निकाल फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ साली दिला: तशी ती नाही, कारण न विकलेला माल परत घेण्याचे व किरकोळ गिऱ्हाइके दाखविण्याचे नियम तिच्याकडे आहेत, मात्र किमती बांधून ठेवल्याबद्दल आणि कमाईची फुगवून चित्रे रंगविल्याबद्दल तिला दोष देण्यात आला. पहिला अर्धा निकाल जगभर गाजवला गेला. दुसरा विसरला गेला. त्याच सुमारास व्हॅन अँडल अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा अध्यक्ष होता, पुढे डेव्होस रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अर्थप्रमुख झाला आणि त्याची सून २०१७ ते २०२१ या काळात देशाची शिक्षणमंत्री होती. ‘राजकारण करू नका, स्वप्ने पाहा’ असे साखळीच्या तळाला शिकविणाऱ्यांनी स्वतः राजकारण कधी सोडले नाही.

गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, हा योगायोग मनात ठेवण्यासारखा आहे. एकाच वर्षी जन्मलेले हे दोन घरबसल्या उद्योग. लिज्जतच्या बहिणी केंद्रावरून भिजविलेले पीठ नेतात, घरी लाटतात, वाळवून परत आणतात आणि लाटणावळ हातात घेतात. माल विकण्याची चिंता संस्थेची. नव्या बहिणीला आणल्याबद्दल जुनीला तिच्या लाटणावळीतून वाटा मिळत नाही. नफा-तोटा सभासदांचा. लाटणावळीचा दर पुरेसा आहे काय, संस्थेतील निर्णय खरोखर किती जणी घेतात, हे प्रश्न जरूर विचारावेत. परंतु आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणाऱ्या या संस्थेत पीठ संस्थेचे आणि संस्था बहिणींची आहे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या जागी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोही घरबसल्या व्यवसायच. स्त्रीने घरातून काम करण्याला कुणा समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की त्या कामाचे साधन कुणाच्या हाती आणि जोखीम कुणाच्या माथी.

भारतीय कायद्याचा प्रवासही पाहून ठेवावा. जनता राजवटीत १९७८ साली बक्षीस चिठ्ठ्या व पैसाफिरवणूक योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. अॅम्वेने १९९८ साली येथे विक्री सुरू केली. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने या कंपनीची योजना १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येते असे म्हटले. कंपनीच्या भारतातील प्रमुखाला २०१३ साली केरळ पोलिसांनी व २०१४ साली आंध्र पोलिसांनी अटक केली. त्यानंतर उद्योगपतींच्या संघटनांनी ‘स्पष्ट कायदा हवा’ अशी ओरड केली. २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात थेट विक्रीला स्थान मिळाले आणि मग २०२१ चे नियम. त्यांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे. ओळखपत्राशिवाय व आधी वेळ ठरविल्याशिवाय विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये असेही आहे. गिऱ्हाइकाला संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. कंपनीला मान्यता मिळाली. या तिघांत ज्या बाईने दारोदार जायचे, तिला काय मिळाले? ओळखपत्र.

आणि चळवळीने या प्रश्नाकडे कसे पाहिले? अनेक शाखांतून, विशेषतः जुन्या कार्यकर्त्यांकडून, असे ऐकू येते की हा मध्यमवर्गीयांचा हव्यास आहे, झटपट श्रीमंतीच्या मागे लागलेल्यांचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत, कष्टकऱ्यांचे प्रश्न थोडे का आहेत. हे म्हणणे वरवर कडक आणि आतून आळशी आहे. हिंजवडीच्या कंपन्यांत लाखो माणसे राबू लागली तेव्हा त्यांच्या दाराशी युनियनचा फलक घेऊन कोण उभे राहिले? मोजके प्रयत्न झाले, त्यांना पाठबळ कितीसे मिळाले? ‘एवढा पगार घेणाऱ्यांना कसली युनियन’ हा मालकाचा युक्तिवाद चळवळीतल्या माणसांनीच चहाच्या टेबलावर पुन्हापुन्हा उच्चारला. ज्याच्याजवळ सामूहिक वाट नाही तो खासगी वाट शोधतो. ती वाट दाखवायला साखळीवाले रविवारी सकाळी घरी येऊन बसले होते. चळवळीचे कुणी आले नव्हते.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हाही चाळीचाळींतून नावांच्या याद्याच केल्या गेल्या होत्या. शेजारीण शेजारणीला घेऊन आली, तिने तिसरीला आणले. माणसामागे माणूस जोडण्याची ती विद्या साखळी कंपन्यांनी शोधून काढलेली नाही. स्त्रियांच्या मैत्रीची, विश्वासाची आणि ओशाळेपणाचीही जी दाट वीण मराठी वस्त्यांतून आहे, तिच्यावर आज त्या दलाली मिळवीत आहेत, आणि ती वीण झिजते आहे. मावशीने फोन उचलणे बंद करणे, भिशीत जागा रिकामी राहणे, जुन्या मैत्रिणीने सोसायटीच्या जिन्यात नजर चुकविणे, ही या धंद्यातील खरी बुडीत खाती. त्यांची नोंद कुठल्या ताळेबंदात नसते. पैसे गेल्यावर अशी बाई तक्रार करीत नाही. कारण तक्रार करायची तर जिने आणले तिच्याविरुद्ध, आणि जिला आपण आणले तिच्यापुढे तोंड दाखविण्याची चोरी.

शाखांनी येथून काम सुरू करता येईल. नावे ठेवण्यासाठी नव्हे, हिशेब मांडण्यासाठी अशा स्त्रियांच्या बैठका घ्याव्यात: किती माल घेतला, किती विकला, किती घरात पडून आहे, प्रवासाला व सेमिनारला किती गेले, हाती काय आले. असे शंभर हिशेब एका तालुक्यातून जमले तरी ते कुठल्याही मंत्र्याच्या टेबलावर ठेवता येतील. २०१६ च्या तत्त्वांत न विकलेला माल परत घेण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करून एका मोहल्ल्यातील वीस कपाटे जरी रिकामी झाली, तरी त्या वीस घरांत चळवळीला पुन्हा खुर्ची मिळेल.

मागण्याही मोघम असण्याचे कारण नाही. प्रत्येक थेट विक्री कंपनीने आपल्या विक्रेत्यांचे पायरीवार उत्पन्न, खर्च वजा करून, दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावे आणि करार करण्यापूर्वी ते पत्रक उमेदवाराच्या हाती द्यावे. ज्याला एकच मालक नाही अशा श्रमिकाला संरक्षण कसे द्यायचे, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने देशाला दाखविले: मजुरीवर अधिभार, तो जमा करणारे मंडळ, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान. हमालाच्या पाठीवरील पोत्याला जो न्याय लागू झाला, तो बाईच्या पिशवीतील डब्यांना लागू करता येतो. कंपनीच्या राज्यातील उलाढालीवर अधिभार बसवावा आणि विक्रेत्यांचे मंडळ स्थापावे. दलालीवर काम करणाऱ्याला उपदान देता येत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याला आयुर्विमा महामंडळाकडे पाठवावे. तेथील प्रतिनिधी दलालीवरच जगतात, तरी त्यांना उपदान आहे आणि २०२३ साली त्याची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आली. घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालचा. भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही, ही मागणी तर तीस वर्षांची जुनी होत आली.

विधिमंडळातील मित्रांसाठी एक प्रश्न तयार आहे. २०२१ च्या नियमांनुसार थेट विक्री कंपन्यांवर व विक्रेत्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा प्रत्येक राज्य सरकारने उभारावयाची आहे. महाराष्ट्रातील ती यंत्रणा कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, तिच्याकडे विक्रेत्यांच्या किती तक्रारी आल्या आणि किती कंपन्यांच्या दप्तरांची तपासणी झाली, हे येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्नाने विचारावे. पाळणाघरांविषयीचा प्रश्नही त्याच दिवशी लावावा. हिंजवडी, खराडी, ऐरोली आणि पवई येथील ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या किती आस्थापनांची या कारणासाठी प्रत्यक्ष तपासणी झाली, त्याचे गाववार आकडे मागावेत.